मागच्या खोलीतला पेंढा

४ जानेवारी

वहिनीबाई,

वयाने तू माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तरी तुला वहिनीबाईच म्हणणार. माझ्या ठोंब्या भावाला सांभाळतेस, एवढा मान तर हवाच.

त्या ठोंब्याचं पत्र आलं. लाकडाची वखार बंद झाली, आपलं शेत तर अंगणापेक्षा दोन हात मोठं, म्हणून साहेब आता बंदरावरच्या गोदामात कामाला जाणार म्हणे. दोन वर्षांचा करार, मध्ये एक दिवसही रजा नाही. पंधरा मार्चला मुकादम घरी येऊन सही घेणार. हे सगळं त्याने असं लिहिलंय की जणू कोपऱ्यावरून काडेपेटी आणायला निघालाय. तुझ्या पत्रात मात्र याबद्दल चकार शब्द नाही. त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

आता नीट ऐक. मी हॉटेलच्या धुलाईखोलीत टेबलक्लॉथला इस्त्री करते ती भिंत मुदपाकखान्याला लागून आहे. आमचा आचारी परवा आरडाओरडा करत होता. त्याची अळंबी लांबच्या शहरातून येते आणि येईपर्यंत मान टाकते. मी सहज विचारलं, ही उगवते कशावर? म्हणाला, "पेंढ्यावर. बंद खोलीत. शेतही लागत नाही, बाई." माझ्या हातून टेबलक्लॉथ जळायचा राहिला!

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात बसते. एक पुस्तक दोनदा वाचून काढलंय. तिसऱ्यांदा वाचलं तर मलाच कोंब फुटतील. सोबत सगळं पानभर लिहून पाठवते. थोडक्यात असं: पेंढा उकळायचा, पिळायचा, पिशवीत थर द्यायचे, थराथरात बियाणं पसरायचं, तोंड बांधून अंधारात टांगायचं. अठरा-वीस दिवसांनी पिशवी फाडून उजेड-वारा आणि पाणी द्यायचं. बियाण्याची बाटली परवाच्या बसने कंडक्टरकडे देते. चांगला माल निघाला तर आचारी घेईल, आणि माल निघत राहिला तर त्या बंदराचं तोंड कुणाला पाहावं लागणार नाही.

एक मात्र पाळा. बाबांना बंदराचं काही सांगू नका. त्यांचं काळीज आता पूर्वीसारखं नाही. मुलगा दोन वर्षं दिसणार नाही हे कळलं तर जेवण सोडतील. हा पेंढ्याचा उद्योग कशासाठी, तेही बोलू नका. एकातून एक निघत जातं.

तुझी,
ताई


१२ जानेवारी

ताई,

तुमचं पानभर वाचायला आम्हाला दोन दिवस लागले. "कोमट", "बऱ्यापैकी गरम" आणि "चांगलंच गरम" यांतला फरक तुम्हाला समजला असेल, आम्हाला पातेल्यात बोट घालूनही समजला नाही. शेवटी खळखळ उकळलं आणि मोकळे झालो.

बाटली सुखरूप पोचली. कंडक्टरने ती मांडीवर घेऊन आणली आणि देताना म्हणाला, "दाणे खराब झालेत हो, कापूस चढलाय." मलाही तसंच वाटलं. मी फेकणारच होते. यांनी पानावर बोट ठेवून दाखवलं की तो कापूस म्हणजेच बियाणं. देव जाणे, अजून काय काय फेकण्यासारखं दिसतं आणि असतं कामाचं.

काल दहा पिशव्या भरल्या. यांनी पेंढा असा पिळला की मुठीतून थेंब पडेना. वखारीत ओंडके उचलणारे हात, पण थर देताना अगदी हलके चालले. पिशव्यांना दाभणाने भोकं पाडली आणि मागच्या खोलीत वाशाला टांगल्या. खिडकीवर जुनं कांबळं लावलंय.

बाबांनी संध्याकाळी विचारलं, "सूनबाई, काय टांगलंय आत?"

म्हटलं, "पेंढा."

"टांगून?"

"हो, बाबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता कपाळाला हात लावून ताप बघतात की काय!

बंदराचं मी तुम्हाला लिहिलं नाही, खरं आहे. हे त्यावर बोलत नाहीत, मी विचारत नाही. त्यांनी मनाशी ठरवलं असेल तर आपण मध्ये का पडावं? एवढंच की सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी पिशव्या बघून येते, आणि बऱ्याचदा हे माझ्याआधीच तिथे उभे असतात.

तुमची,
वहिनी


२९ जानेवारी

वहिनीबाई,

अठरा दिवस झाले. पिशव्या पांढऱ्या झाल्या का? की अजून पेंढाच? एका ओळीचं तरी कळव. इथे माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही दोघं तोंडाला कुलूप लावून बसलाय.

खरं सांगते, मी एक आगाऊपणा करून ठेवलाय. आचाऱ्याला म्हटलं, फेब्रुवारीच्या पंधरा तारखेच्या आत टोपली येते की नाही बघा. तो आता रोज इस्त्रीच्या टेबलाशी येऊन "काय, छत्र्या उघडल्या का?" असं विचारून जातो. काल तर भांडी घासणाऱ्यांनीही विचारलं. सगळ्या हॉटेलात माझी शोभा होण्याआधी लिही.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र मिळालं. इथे थंडी बरीच आहे. कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या होत्या, आता पुन्हा घालू लागल्या. कुंपणाची एक बाजू पडली होती, ती यांनी उभी केली. बाबांची तब्येत छान आहे, खोकलाही नाही. परवा त्यांनी मागच्या खोलीला चुना दिला. भिंती अगदी लख्ख झाल्यात.

पिशव्यांचं म्हणाल तर, त्या सध्या उन्हात आहेत. म्हणजे होत्या. थोडं मागेपुढे झालं खरं. यांची त्यात काही चूक नाही, हे मात्र लक्षात ठेवा. कुणाचीच नाही. आचाऱ्यांना सांगा, जरा धीर धरा.

तुम्हाला लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. रंग कोणता आवडेल?

वहिनी


८ फेब्रुवारी
(पोस्टकार्ड)

ठोंब्या,

पाकीट आणायलाही वेळ नाही, कार्डावरच ऐक. पिशव्या उन्हात? उन्हात! पानभर लिहून दिलं होतं ना, "अंधार" या शब्दाखाली दोन रेघा मारून? आचारी म्हणतो, ऊन लागलं की सगळं मेलं. तुझी बायको तुला पाठीशी घालतेय, "यांची चूक नाही" असं लिहितेय, म्हणजे चूक तुझीच. तुला बंदरावर जायचंच होतं तर सरळ सांगायचं होतंस. तिला पातेलंभर पेंढा उकळायला लावून मग तो वाळत घालायचा हा कुठला न्याय? कर पंधरा मार्चला त्या मुकादमाच्या कागदावर सही, आणि जा दोन वर्षं. पण बाबांना काय सांगणार आहेस, ते आधी ठरव.

ताई


१२ फेब्रुवारी

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या भावाच्या नावाचं कार्ड पोस्टमनने माझ्या हातात दिलं. ते उघडं होतं, आणि मी चष्मा लावलेला होता. वाचलं.

पिशव्या मी उन्हात टाकल्या.

तुला ठाऊक आहे, माझी चाळीस वर्षं डेअरीच्या वैरणीच्या गोदामात गेली. बुरशी चढलेला पेंढा गाईंनी खाल्ला तर काय होतं, ते मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिलंय. तीन गाई आडव्या झाल्या होत्या. तेव्हापासून माझ्या गोदामात बुरशीचा ठिपका दिसला नाही. साहेब लोक नुसता माझ्या नाकावर विश्वास ठेवून गंजीच्या गंजी विकत घ्यायचे.

तर त्या दिवशी ही दोघं बाजारला गेली होती. दोरी शोधायला मी मागच्या खोलीत गेलो. बघतो तर दहाच्या दहा पिशव्या आतून पांढऱ्याफटक! माझ्या घरात! मला वाटलं, सूनबाईने ओला पेंढा भरून ठेवला, तो नासला, आणि सांगायची लाज वाटते म्हणून लपवून टांगला. लहान आहे, होतं असं. म्हटलं, गाजावाजा न करता आपणच निस्तरावं. सगळ्या पिशव्या फाडल्या, पेंढा अंगणात पसरला, दुपारभर दाताळ्याने वरखाली केला. रोग पसरू नये म्हणून भिंतींना चुना दिला. आणि शाबासकीची वाट बघत ओट्यावर बसलो.

सूनबाई आली. तिने पेंढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, दमला असाल. चहा टाकते." तुझ्या भावाने मुकाट्याने दाताळं उचलून जागेवर ठेवलं. दोघांनी मला चहा पाजला, वर बिस्किटं दिली. एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, बघा, किती उपकार मानतायत.

आता तुझं कार्ड आणि मग घरातलं तुझं ते पानभर टिपण वाचून कळलं की मी काय वाळत घातलं ते. पोराचं घरी राहणंच मी उन्हात टाकलं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पण राग तुम्हा सगळ्यांचा आहे. माझं काळीज नाजूक आहे, हे कुणी ठरवलं? शहात्तर वर्षं चाललंय ते. मला एका वाक्यात सांगितलं असतं तर मी त्या पिशव्यांच्या दाराशी खाट टाकून झोपलो असतो.

बियाणं परत पाठव. उशीर नको. पेंढा माझ्याकडे. बुरशी मारण्यात चाळीस वर्षं घातली, तिला काय आवडतं आणि काय सोसत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि भावाची माफी माग. पाकिटातून.

तुझा,
बाप


१५ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र वाचून आधी मी रडले, मग चहाबिस्किटांपाशी आले आणि इतकी हसले की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. आचाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चाळीस वर्षं बुरशीशी भांडलेला माणूस? असाच पाहिजे." माझी टोपली चुकली म्हणून तो रागावला होता, पण आता थांबायला तयार आहे. मात्र पहिली टोपली डोळ्यांनी बघून, चाखूनच काय ते सांगेन म्हणतो.

माझंच चुकलं, बाबा. तुम्हाला जपायच्या नावाखाली तुम्हाला बाजूला बसवलं. ठोंब्याला वेगळं पाकीट टाकलंय, त्यात माफीच माफी आहे.

बाटली उद्याच्या बसने येतेय. सतराला पिशव्या भरल्या तर सात मार्चपर्यंत पांढऱ्या होतील, मग पाच-सहा दिवसांत माल काढता येईल. म्हणजे तेरा, फार तर चौदा मार्च. मुकादम पंधराला येणार. मध्ये एक दिवसही वाया घालवायला नाही.

तुमची कार्डवाली लेक


६ मार्च

ताई,

आधी माझ्यावरचा राग काढून टाका. तुमच्या वडिलांची तक्रार तुमच्याकडेच करायची, ती कोणत्या तोंडाने? म्हणून थंडी, कोंबड्या आणि मोजे लिहीत बसले. (मोजे खरंच विणतेय. रंग अजून कळवला नाहीत.)

आता इथलं राज्य ऐका. आमच्या घरात सध्या बाबांचं चालतं, बाकी आम्ही नोकर. ओढ्याकाठचा पेंढा त्यांनी लांबूनच नाकारला, "याला ओल लागलीय." मग पार टेकडीपलीकडच्या शेतात जाऊन, गंजीत खांद्यापर्यंत हात घालून, मुठी मुठी हुंगून पेंढा निवडला. त्या शेताचा मालक बायकोला म्हणाला म्हणे, म्हातारा चहाची पत्ती घ्यायला आलाय की काय! उकळताना माझ्या डोक्यावर उभे होते. पिळताना यांच्या. पाय धुतल्याशिवाय मागच्या खोलीत कुणी जायचं नाही. शेजारीण परवा हळूच विचारत होती, "आत कोण आजारी आहे?"

दहापैकी दोन पिशव्या गेल्या. आम्हाला तर काही दिसलंही नव्हतं. बाबा दारातच थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "तिसरी आणि सातवी. बाहेर काढा, लांब नेऊन पुरा." फाडून बघितलं तर आत हिरवा डाग. पांढरी ती आपली, हिरवी ती चोर, असं त्यांनी आम्हाला शिकवलंय. उरलेल्या आठ कालपासून अशा पांढऱ्या झाल्यात की खोली उजळल्यासारखी वाटते. बाबा रोज स्टुलावर बसून त्यांच्याशी बोलतात. काय बोलतात ते दाराबाहेर नीट ऐकू येत नाही. पण "उशीर झालाय, आटपा" एवढं ऐकलंय मी.

यांनी माळ्यावरची पेटी खाली काढली. थंडीचा कोट बाहेर निघाला, त्याची दोन बटणं तुटली होती. मी लावून दिली. काय करणार? बंदरावर वारा फार असतो म्हणतात. हे अजूनही काही बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. पंधरा तारखेला अजून नऊ दिवस आहेत, हे मी दिवसातून तीनदा मोजते.

वहिनी


१४ मार्च, दुपार
(परतीच्या टोपलीत, तळाशी)

वहिनीबाई, बाबा, ठोंब्या,

बस निघायला वीस मिनिटं आहेत, अक्षराकडे बघू नका.

टोपली सकाळी दहा वाजता पोचली. ओलं फडकं काढलं आणि मुदपाकखान्यातले सगळे भोवती जमले. राखाडी, मऊ, एकावर एक पंखे ठेवल्यासारखे झुबके! आचाऱ्याने एक मोडून कानाशी नेला, मग नाकाशी. लोणी टाकलं, परतलं, खाल्लं. दुसरा घास. मी टेबलाचा काठ घट्ट धरून उभी. तिसऱ्या घासानंतर म्हणाला, "परवा परत येणार ना टोपली?"

वहिनीबाई, परवा! आणि मग दर दिवसाआड. जेवढी येईल तेवढी घेणार, लांबचा माल बंद करणार. रोजचं घर चालवायचं तर चाळीस पिशव्या टांगायला लागतील असा माझा अंदाज. मागची खोली पुरणार नाही, पुढचीही रिकामी करा, पाहुणे आले तर ओट्यावर बसतील.

मुकादम उद्या येईल. तो दारात पाय ठेवायच्या आत ही चिठ्ठी ठोंब्याच्या हातात दे. धावत जा.

ताई


१५ मार्च

ताई,

टोपली मिळाली, चिठ्ठी मिळाली. काल संध्याकाळी सहाच्या बसने. धावतही गेले, चप्पल न घालता. पण मुकादम काल दुपारी दोनलाच येऊन गेला होता. पलीकडच्या गावात त्याचं काम लवकर आटपलं, म्हणून एक दिवस आधी.

घाबरू नका. क्रमाने सांगते.

मुकादम ओट्यावर बसला आणि त्याने कागद काढला. टोपलीचं काय झालं ते आम्हाला काहीच माहीत नव्हतं. ती विकली गेली, की आचाऱ्याने तोंड वाकडं केलं, की वाटेत कोमेजली? मी यांच्याकडे बघत होते, हे कागदाकडे. मुकादम म्हणाला, "दुसरे दोघं तयार आहेत. आत्ता हो की नाही सांगा." यांनी पेन मागितलं. त्याने दिलं. यांनी टोपण काढलं.

तेवढ्यात बाबा मागच्या खोलीतून आले. पिशव्यांवर पाणी मारत होते, कोपरापर्यंत ओले. यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जाऊ नकोस."

हे म्हणाले, "बाबा, टोपलीचं अजून काही कळलं नाही."

"टोपली गेली खड्ड्यात. विकली गेली तर बरं, नाही गेली तर दुसरं काही बघू. माझं वय झालं आणि मला तू घरी हवा आहेस. हे मी आधीच सांगायला हवं होतं. जाऊ नकोस."

आवाज चढला नव्हता, ताई. पण मी या घरात आल्यापासून बाबांनी कुणाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

यांनी पेनाला टोपण लावलं आणि मुकादमाला परत दिलं. मुकादम भला माणूस, वाद घातला नाही. चहा घेतला, आतून वास कसला येतोय ते विचारलं, आणि बाबांनी त्याला पाय धुवायला लावून सगळ्या पिशव्या दाखवल्या. जाताना तो म्हणाला, माझ्या मेव्हण्यालाही शिकवाल का?

मग आम्ही दोघंच ओट्यावर उरलो. हे म्हणाले, "दोन-अडीच महिने घरात कुणी काही बोललं नाही. तू कोटाला बटणं लावलीस. मला वाटलं, मी जावं असंच तुम्हा सगळ्यांना वाटतं. म्हणून निघालो होतो."

म्हटलं, "मला नको होतं. पहिल्या दिवसापासून नको होतं तुम्ही जायला. एक दिवससुद्धा नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "पेंढा उकळत होते."

तुमची,
वहिनी